मदत हवी आहे: भाच्याला गोल्फमध्ये प्रो व्हायचंय. टूरचं कार्ड मिळतं कसं आणि टिकतं कसं?

नमस्कार मंडळी,

भाचा २२ वर्षांचा आहे, पुण्यात असतो. भाऊजी फौजेत होते, त्यामुळे नवव्या वर्षापासून कॅन्टोन्मेंटच्या कोर्सवर वाढलेला पोरगा. बी.कॉम. झालं आणि आता म्हणतो, पुढच्या मोसमात प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, व्हायचं. बहिणीचा मला फोन आला, "अरे, तू जरा नीट माहिती काढ. एकदा कार्ड मिळालं की झालं ना? नोकरी लागल्यासारखंच ना ते?" मी हो म्हणणार होतो, पण थांबलो. मलाच ठाऊक नव्हतं. गेले दोन महिने जमेल तितकं वाचलंय, कोर्सवर खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्या जुन्या कॅडींना विचारलंय. समजलं ते लिहितो. चुकत असेल तिथे दुरुस्त करा, आणि जिथे अडलोय तिथे हात द्या.

पहिली गोष्ट कळली ती अशी की टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मोसमभराच्या मालिकेत, पगार नसतो. चार दिवसांची स्पर्धा, दोन दिवसांनंतर कट, म्हणजे मागे पडलेल्यांची गळती. आपल्या पीजीटीआयवर, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक टूरवर, वरचे ५० आणि बरोबरीतले पुढे जातात, अमेरिकेतल्या पीजीए टूरवर साधारणपणे ६५ आणि बरोबरीतले. बाकीच्यांनी बॅग भरून घरी जायचं, बक्षिसातला रुपयाही नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचे पैसे, प्रवेश फी मात्र गेलेलीच असते.

मागच्या हिवाळ्यात एका हौशी स्पर्धेत मी त्याची बॅग उचलली होती. दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलवर चार फुटांचा पट होता, म्हणजे चेंडू जमिनीवरून कपात ढकलायचा फटका. चेंडू कपाच्या कडेवरून फिरून बाहेर आला. कट कितीवर बसणार हे कळायला अजून दीड तास होता. तेवढा वेळ तो झाडाखाली बसून ओल्या टॉवेलने क्लबच्या खाचांमधली माती काढत होता, एकेक करत चौदाही क्लब. एका फटक्याने राहिला. परतताना गाडीत म्हणाला, "मामा, प्रो असतो तर आज आठवड्याचा खर्च अंगावर आला असता." त्याला हे माहीत आहे, याचंच मला त्या दिवशी बरं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा दर्जा, हा परवाना नाही, तो रांगेतला नंबर आहे. बहिणीला मी रेल्वेच्या भाषेत समजावलं: कोणाचं तिकीट कन्फर्म, कोणाचं आरएसी, कोणाचं वेटिंग. वरच्यांनी स्पर्धा सोडली की खालच्यांचा नंबर लागतो. क्यू-स्कूलमधून, म्हणजे टूरच्या पात्रता स्पर्धेतून, वर आलेला मुलगा कार्ड मिळालं म्हणून पेढे वाटतो, पण मोठ्या स्पर्धांमध्ये त्याचं नाव यादीत खाली असतं आणि कित्येकदा आदल्या आठवड्यापर्यंत विमानाचं तिकीट काढावं की नाही हेच कळत नाही.

अमेरिकेचे आकडे भाच्याला तोंडपाठ आहेत. १९८३ पासून तिथे पैशांच्या यादीतले पहिले १२५ जण पुढच्या वर्षासाठी सुरक्षित असत. त्याआधी फक्त ६० जण सुरक्षित होते, बाकीचे दर सोमवारी पात्रता फेरी खेळत गावोगाव फिरायचे. पुढे पैशांच्या यादीच्या जागी फेडएक्स कपचे, म्हणजे मोसमभराच्या क्रमवारीचे, गुण आले, पण १२५ चा आकडा इतकी वर्षं टिकला. आता २०२६ च्या मोसमापासून पूर्ण कार्ड फक्त पहिल्या १०० जणांना, आणि १०१ ते १२५ वाल्यांना सशर्त, म्हणजे जागा उरली तरच खेळायला मिळेल असं. खालच्या पायरीच्या कॉर्न फेरी टूरवरून वर येणारे ३० वरून २० केले. क्यू-स्कूलमधून पाच, तेही बरोबरी झाली तर प्लेऑफ, म्हणजे जादा होल, खेळून नेमके पाचच. म्हणजे दार सगळीकडून थोडं थोडं लोटलंय.

आता माझे प्रश्न. त्याने लगेच पीजीटीआयच्या क्यू-स्कूलला बसावं की अजून वर्षभर हौशी म्हणून खेळावं? पूर्ण कार्ड हुकलं आणि अर्धवट दर्जा मिळाला तर त्यावर वर्ष काढण्यात अर्थ असतो का? आणि एशियन टूरच्या क्यू-स्कूललाही त्याच वर्षी जाणं शहाणपणाचं की पैशांची नासाडी? बहिणीने भाऊजींच्या फंडातली काही रक्कम बाजूला काढलीये. ती एकदाच खर्च होणार आहे, म्हणून इतकं खोदून विचारतोय.

प्रतिसाद

तुमच्या भाच्याला शुभेच्छा. मी पीजीटीआयवर तीन मोसम कॅडी म्हणून फिरलोय, त्यातून सांगतो.

आपल्याकडे दर्जा मुख्यतः ऑर्डर ऑफ मेरिटवर, म्हणजे मोसमाच्या क्रमवारीवर, टिकतो, आणि ती यादी बक्षिसाच्या पैशांवर बनते. हे नीट समजून घ्या. सगळ्या स्पर्धांची बक्षिसं सारखी नसतात. सहा आठवडे कट पार करून तळाशी राहणारा मुलगा आणि पाच आठवडे कट हुकून सहाव्या आठवड्यात मोठ्या स्पर्धेत पहिल्या पाचांत येणारा मुलगा, यात दुसरा पुढे जातो. मी एका मुलाची बॅग उचलायचो, इतका सुरळीत खेळायचा की वर्षात एखादाच मोठा आकडा स्कोअरकार्डावर दिसायचा. मोसमाअखेर दर्जा गेला आणि परत क्यू-स्कूल. त्याच्या आईने विचारलं, "इतकं चांगलं खेळला तरी?" मला उत्तर देता आलं नाही.

क्यू-स्कूल म्हणजे आधी पूर्वपात्रता फेऱ्या, मग चार दिवसांची अंतिम फेरी. हवा, ग्रीनचा (कपाभोवतीच्या बारीक गवताचा) वेग, कोर्स, सगळं नवं. त्या कोर्सवर आधी दोन-तीन सराव फेऱ्या तरी खेळायलाच हव्यात. इथे पैसे वाचवू नका.

आणि वरची वाट आता घरातूनच निघते, ही गोष्ट तुमच्या ताईंना जरूर सांगा. पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटचा अव्वल खेळाडू थेट युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरवर जातो. २०२२ मध्ये मनू गंडास, २०२३ मध्ये महूचा ओम प्रकाश चौहान, २०२४ मध्ये वीर अहलावत, तिघंही याच वाटेने गेले. नाहीतर डीपी वर्ल्ड टूरची स्वतःची क्यू-स्कूल तीन टप्प्यांची असते. शेवटचा टप्पा स्पेनमध्ये तारागोनाजवळ, सहा फेऱ्या, म्हणजे १०८ होल, आणि कार्डं वीसच्या आसपास. पुण्याच्या मुलांनाही हे परकं नाही. पुण्यातूनच खेळणारा उदयन माने पीजीटीआयवर जिंकत जिंकत टोकियो ऑलिंपिकला पोचला. अनिर्बान लाहिरीचा तर जन्मच पुण्याचा. त्याने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या खालच्या टूरच्या फायनल्समधून पीजीए टूरचं कार्ड काढलं.

एशियन टूरच्या अंतिम फेरीत ३५ आणि बरोबरीतल्यांना कार्ड मिळतं, पण पहिल्या वर्षी मी तरी तिकडे पाठवणार नाही. आधी इथे एक पूर्ण मोसम खेळू दे.

प्रतिसाद

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. तुमचा प्रश्न वाचून अर्जुन अटवाल आठवला. दर्जा मिळणं, जाणं आणि परत मिळणं हे सगळं त्या एकाच माणसात बघायला मिळतं.

अटवाल २००३ च्या क्यू-स्कूलमधून पीजीए टूरचं कार्ड मिळवणारा पहिला भारतीय. नंतर खांद्याचं दुखणं आलं. तिथे अशा वेळी वैद्यकीय मुदतवाढ मिळते. जितक्या स्पर्धा दुखापतीत बुडाल्या तितक्या नंतर खेळायच्या आणि त्यात ठरलेली कमाई भरून काढायची. त्याची ती भरली नाही. जुलै २०१० मध्ये कार्ड गेलं. पुढच्याच महिन्यात ग्रीन्सबरोच्या विंडम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारची पात्रता फेरी खेळून आत आला. पहिल्या दिवशी ६१ फटके. रविवारी शेवटच्या होलवर साधारण सात फुटांचा पार (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत संपवणारा) पट आत गेला तर डेव्हिड टॉम्सवर एका फटक्याने विजय. गेला. पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय, आणि १९८६ नंतर सोमवारी पात्र होऊन त्याच आठवड्यात जिंकणारा पहिलाच. त्या एका पटाने त्याला दोन वर्षांहून जास्त काळाचं कार्ड परत दिलं.

आम्ही त्या दिवशी घरी टीव्हीसमोर होतो. माझे सासरे, ज्यांनी आयुष्यात गोल्फ बघितला नव्हता, ते उभे राहिले होते.

हे प्रेरणा म्हणून सांगत नाहीये, कारण सोमवारच्या जागाही आता कमी केल्यात. सांगायचं एवढंच की विजयाला तिथे वेगळं मोल आहे. एक साधी टूर स्पर्धा जिंकली की किमान दोन वर्षं निश्चिंती, मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकलं तर पाच. बाकी सगळ्यांना दर वर्षी पाटी कोरी. आणि तुम्ही पगार नसतो म्हणालात ते खरं आहे, पण पीजीए टूरने २०२२ मध्ये पूर्ण दर्जाच्या खेळाडूंना किमान पाच लाख डॉलरची हमी जाहीर केली. ती पुढच्या कमाईतून वळती होते. वर पोचलेल्यांसाठीच आहे, खाली नाही.

प्रतिसाद

घाई करण्याआधी एक गोष्ट बघा. हौशी दर्जा एकदा सोडला की तो परत मिळवायला रीतसर अर्ज करावा लागतो आणि मध्ये काही काळ थांबावं लागतं. २०२२ पासून नियम सैल झालेत. हौशी खेळाडूला एक हजार डॉलरपर्यंतचं बक्षीस चालतं, प्रायोजकही घेता येतो. त्यामुळे पैशांसाठी लगेच प्रो व्हायची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. राष्ट्रीय हौशी स्पर्धांमध्ये तो सातत्याने वरच्या दहांत येतो का? येत असेल तर जाऊ दे. येत नसेल तर मी एक वर्ष थांबेन.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅडीदादा, तुमचा तो सुरळीत खेळणारा मुलगा डोक्यातून जात नाहीये. भाचाही तसाच आहे, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) कमी, बर्डीही (एक फटका कमी) कमी.

काल रात्री ताईकडे जेवायला गेलो होतो. तिघांनी बसून तुमचे प्रतिसाद वाचले. त्याला वरच्या दहांबद्दल विचारलं. दोनदा आलाय, सातत्याने नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. मग ठरलं की हा मोसम हौशी म्हणूनच खेळायचा, आणि पट्ट्याने सराव बदलायचा. मधल्या क्लबने ग्रीनवर चेंडू सुरक्षित टाकण्यापेक्षा थेट पिनवर, म्हणजे होलच्या झेंड्यावर, मारायची सवय करायची. पुढच्या वर्षी क्यू-स्कूल, एशियन टूर त्यानंतर. ताईने वहीत दोन रकाने आखलेत, एक पूर्वपात्रता आणि अंतिम फेरीच्या खर्चाचा, दुसरा कार्ड मिळालं तर पहिल्या सहा स्पर्धांचा. दुसरा रकाना पूर्ण भरेल इतके पैसे हातात असतील तरच फॉर्म भरायचा, ही तिची अट. भाच्याने ती लगेच मान्य केली.

अजून एक विचारायचं राहिलं. पूर्वपात्रता फेरीला स्वतःचा कॅडी नेता येतो का, की तिथल्याच कोर्सचा घ्यावा लागतो? नेता येत असेल तर मी रजा टाकणार आहे.