नांदूरमध्यमेश्वर : नाताळात जावे की फेब्रुवारीत?

पाऊलवाट : नमस्कार. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन निफाड तालुक्यातील (जि. नाशिक) नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जाण्याचा विचार आहे. गुडघेदुखीमुळे त्यांना फार चालता येत नाही. मात्र स्थलांतरित बदके जवळून पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. नाताळच्या सुटीत जावे की फेब्रुवारीत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ : सुटीचे दिवस टाळून जानेवारीतला कामाचा वार निवडावा. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि स्थानिक मार्गदर्शकही मिळतात. मनोऱ्याचा जिना चढणे वडिलांना जमणार नसेल, तर काठालगत खुर्ची टाकून स्पॉटिंग स्कोपमधून (तिपाईवरच्या छोट्या दुर्बिणीतून) निवांत पाहता येईल. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, तेव्हा कानटोपी आणि शाल विसरू नये. मुक्काम नाशिकला केला तरी चालेल. अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे.

पाणथळ : महिन्याइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्व पाण्याच्या पातळीला आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्यातून बेटे आणि उथळ पाण्याचे पट्टे तयार झाले, आणि पक्षी आले ते या उथळपणामुळे. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झाले. तरीही पाणी अखेर शेतीच्या आवर्तनांनुसार वर-खाली होते. तलवार बदक बुडी न मारता डोके पाण्यात आणि शेपटी वर अशा अवस्थेत तळाशी चरते, त्यामुळे पातळी वाढली की त्याची मान तळापर्यंत पोहोचत नाही आणि थवे दुसरीकडे जातात. शेकाट्या व पाणटिवळे या लांब पायांच्या पाणपक्ष्यांना तर चिखलाची कडाच लागते. म्हणून निघण्यापूर्वी मार्गदर्शकाला फोन करून केवळ ‘पक्षी आहेत का’ एवढेच न विचारता, पाणी उतरले आहे का आणि गाळ उघडा पडला आहे का, हे आवर्जून विचारावे.

कमळपक्षी : वरील मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. एकच विनंती अशी की, ‘जवळून’ पाहण्यासाठी बांध सोडून पाण्याकडे उतरू नये आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज मुळीच वाजवू नयेत. थवा विनाकारण उडाला की चरण्याचा वेळ आणि अंगातली शक्ती दोन्ही वाया जातात, आणि हिवाळा सरत असताना उत्तरेकडील परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या बदकांना हे फार महागात पडते. आपण स्थिर बसलात, तर जांभळ्या पाणकोंबड्या आणि हळदी-कुंकू बदके आपणहून काठाकडे सरकतात. सगळे वारकरी (काळ्या रंगाचे पाणपक्षी) एकदम फडफडत पळू लागले, तर वडिलांना पाण्याऐवजी आकाशाकडे पाहायला सांगावे; बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आलेला असतो.

पाऊलवाट : सर्वांचे मनापासून आभार. जानेवारीतला मंगळवार ठरवत आहे. पाण्याची चौकशी करूनच निघू.