परीक्षा विभाग: कामाच्या सूचना सगळ्यांपर्यंत पोहोचतील अशी पद्धत कशी बसवावी?

परीक्षा_कक्ष

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातला एक कक्ष, एकूण 14 जण: 5 कायम, 7 कंत्राटी, 2 शिपाई. सोमवारी सकाळी पाऊण तास बैठक होते, बाकी सूचना म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला परिपत्रकाचा फोटो. दिव्यांग आरक्षणातून एक कनिष्ठ लिपिक नुकतेच रुजू झाले आहेत. पूर्ण अंध आहेत, संगणकावर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) सराईतपणे वापरतात. पण त्यांच्याकडे फक्त फोन घेण्याचं काम आहे. त्यात निकालाचे दिवस तोंडावर आलेत आणि विद्यार्थ्यांच्या चौकशीच्या खिडकीवर बसायला कोणी राजी नाही.

सूचना कशा द्याव्यात, या सहकाऱ्यांना कोणतं काम द्यावं आणि खिडकीचा ताण कसा वाटून घ्यावा? प्रत्यक्ष चालणारी पद्धत सांगा.

युनिकोड_टेबल

आधी फोटो बंद करा. एनव्हीडीए अक्षरं वाचतं, चित्र नाही. परिपत्रकाचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ त्यांच्यासाठी कोरा कागद आहे.

दुसरी अडचण फॉन्टची, आणि ती डोळस माणसाच्या लक्षात येत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. एनव्हीडीए तीच वाचतं. ‘गुणपत्रिका’ ऐवजी कानावर इंग्रजी अक्षरांचा ढीग पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी राहिलं तर युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठीच राहणारी पद्धत), वेडीवाकडी रोमन अक्षरं आली तर जुना फॉन्ट. पत्रांचे ठरलेले नमुने (स्मरणपत्र, पडताळणीचं उत्तर, महाविद्यालयांना कळवायचं पत्र) एकदाच युनिकोडमध्ये करून घ्या. फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालाच.

सहीची प्रत नस्तीत राहू द्या. कर्मचाऱ्यांना त्यासोबत वर्डची मूळ फाइल पाठवा. नुसती पीडीएफ नको, कारण मराठी पीडीएफमधून मजकूर घेतला की काना-मात्रा जागा सोडतात.

एक्सेलमध्ये दोन पथ्यं. एकत्र जोडलेले रकाने (मर्ज्ड सेल) नकोत, कोणता आकडा कोणत्या शीर्षकाखालचा ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि प्रलंबित ओळी नुसत्या लाल करू नका, ‘स्थिती’ असा रकाना घालून त्यात ‘प्रलंबित’ असा शब्द लिहा. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांचंही काम त्याने होतं, आणि शब्दावर गाळणी (फिल्टर) लावता येते.

निकाल_45

तुमच्याकडे माणसांची सहनशक्ती कमी पडत नाहीये, सूचना तोंडी फिरतायत. साहेब एका टेबलाला सांगतात की पुनर्मूल्यांकनाची मुदत वाढली, दुसऱ्या टेबलाला ते कळत नाही. विद्यार्थ्याला दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळतात, तो चिडतो आणि शिव्या खातो तो खिडकीवरचा लिपिक, ज्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. कर्मचाऱ्यांसाठी योग शिबिर जरूर घ्या, पण हे आधी मिटवा.

सोमवारची बैठक रद्द करा, त्या दिवशी खिडकीवर गर्दी जास्त. शुक्रवारी 4 वाजता लेखी सूचना, जास्तीत जास्त 12 ओळी, आणि मंगळवारी 10.15 ला 15 मिनिटांची बैठक. सगळे बसून. उभ्याने बैठक घेतली की गुडघेदुखी असलेली किंवा गरोदर व्यक्ती मुकाट्याने त्रास काढते. आधी कंत्राटी आणि शिपाई बोलतील, शेवटी कक्षाधिकारी. उलटं केलं की खालचं कोणी तोंड उघडत नाही. कोणाची चूक काढायची असेल तर ती या बैठकीत नको, स्वतंत्र बोलावून सांगा.

सूचनेचा नमुना असा:

‘काय बदललं: फोटोकॉपीचे अर्ज बुधवारपासून फक्त ऑनलाइन. आधी आलेले कागदी अर्ज टेबल 4 घेईल.
तारखा: बी.कॉम. सत्र 6, शेवटच्या पेपरपासून आज 22 वा दिवस.
टेबल: टेबल 3 गुरुवारपर्यंत रजेवर, काम टेबल 5 कडे.
अडलेलं: दोन महाविद्यालयांचे अंतर्गत गुण यायचे आहेत, टेबल 2 आज फोन करेल.
विद्यार्थ्याला सांगायचं वाक्य: “निकालाची तारीख संकेतस्थळावर येईल, त्याआधी खिडकीवर सांगता येणार नाही.”’

शेवटची ओळ वगळू नका. सगळ्या खिडक्यांवर तेच वाक्य ऐकू आलं की वाद निम्म्यावर येतात.

दिवस मोजायचं कारण असं की महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 89 नुसार शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत निकाल लावायचा असतो, फार तर 45. हा आकडा फक्त वरच्यांना ठाऊक असला की खालच्यांना नुसती घाई दिसते, तिचं कारण दिसत नाही.

खिडकीवर सलग 2 तासांपेक्षा जास्त कोणी बसू नये. दोन खिडक्यांमागे तिसरा माणूस बदली म्हणून नेमलेला हवा, नाहीतर पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जायला उठता येत नाही. पाळी नावानिशी भिंतीवर लावा आणि कायम कर्मचाऱ्यांनाही तीत घ्या. कंत्राटींनाच खिडकीवर बसवलं तर पाळी आठवडाभरही टिकत नाही.

परीक्षा_कक्ष

नमुना उपयोगाचा आहे. रजेचं कारण लिहायचं का? आणि कंत्राटी मंडळी कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नाहीत, एजन्सीमार्फत आलेली आहेत. त्यांना घेता येईल का?

आस्थापना_शाखा

रजेचं कारण अजिबात नको. ‘रजेवर’ एवढंच. आजार, गर्भपात, घरचं भांडण, कोणाचंही काही गटात जाता कामा नये, मग लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

कंत्राटींना सूचना द्यायलाच हवी, काम तेच करतात. गटात नको असतील तर तोच मजकूर ईमेलने पाठवा. लैंगिक छळ प्रतिबंधाचा 2013 चा कायदा कंत्राटदारामार्फत आलेल्या आणि रोजंदारीवरच्या महिलांनाही लागू आहे. या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं फलकावर आणि महिन्यातून एकदा सूचनेत द्या. तक्रार साधारण 3 महिन्यांच्या आत करायची असते, हेही लिहा. निकालासाठी उशिरा बसावं लागलं तर एकटी महिला मागे राहणार नाही, हे टेबल वाटतानाच ठरवा. जादा तासांची नोंदवही ठेवा, कंत्राटींचीही, आणि त्याबदल्यात सुट्टी कधी मिळणार ती तारीख त्याच ओळीत लिहा.

अंध सहकाऱ्यांबाबत: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 प्रमाणे शासकीय आस्थापनेने गरजेनुसार सोय करून द्यायची असते आणि राज्य कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ त्यात मोडतं. कलम 23 खाली तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तो कोण, हे आस्थापना शाखेकडून लेखी मागवून घ्या.

सूचनेच्या तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक कायम ठेवा. मोफत आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं.

युनिकोड_टेबल

कामाबद्दल राहिलं होतं. ईमेलची उत्तरं, ऑनलाइन तक्रारी, पत्रांचे मसुदे, महाविद्यालयांकडून आलेल्या एक्सेलमधला ताळमेळ, हे सगळं त्यांना देता येईल. हस्ताक्षरातले अर्ज मात्र दुसऱ्या टेबलाकडे ठेवा. पण वाटप करण्याआधी त्यांनाच विचारा, आणि निकालाची प्रणाली त्यांच्यासोबत अर्धा तास फक्त टॅब आणि एंटरने चालवून बघा. बटणावर नुसतं चित्र असेल तर एनव्हीडीए फक्त ‘बटण’ म्हणतं, कसलं ते सांगत नाही. अशा प्रत्येक बटणाचा पडदा आणि जागा लिहून काढा आणि पुरवठादाराला लेखी पाठवा. तोंडी सांगितलेलं पुढच्या आवृत्तीत येत नाही. इअरफोन एकाच कानाचा द्या, म्हणजे शेजारचं टेबल बोललेलंही त्यांना ऐकू येईल.