पित्ताशय काढल्यावरची मळमळ : ‘होतं असं’ म्हणून सोडून द्यायची का?

कोथरूडची_सून

सासूबाईंचं (वय ६८) पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. खडे होते. उजव्या बरगडीखाली रात्री कळ उठायची, पाठीपर्यंत जायची, तास-दोन तास बाई तळमळायच्या. ती कळ गेली ती गेलीच, त्याबद्दल सर्जनना दुवा. पण मळमळ काही जाईना. सकाळी तोंडाला कडू पाणी, दोन घास मऊभात खाल्ला की पोट डब्ब, आणि मी स्वयंपाकघरात फोडणी टाकली की आतल्या खोलीतून उमाशांचा आवाज. हॉस्पिटलला फोन केला की एकच उत्तर, ‘होतं असं, जाईल.’ डिस्चार्जच्या कागदावर आहाराच्या रकान्यात दोन शब्द: ‘नॉर्मल डाएट’. आमच्या घरी नॉर्मल म्हणजे संकष्टीला साबुदाण्याची खिचडी आणि रविवारी मिसळ. तेच द्यायचं का?

माझं मत स्पष्ट आहे. सही घेण्याआधी पेशंटला सांगायला हवं की खड्याची कळ जाईल, पण मळमळ, ढेकरा, गॅस जातीलच याची खात्री नाही, आणि काहींना पातळ शौचाचा त्रास नव्याने सुरू होतो. हे न सांगता ऑपरेशन करणं म्हणजे अर्धीच माहिती देणं. तुम्हाला काय वाटतं?

हडपसरवाला

अजिबात पटलं नाही. असं काही वाचून लोक ऑपरेशन लांबवतात, आणि मग काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या थोरल्या भावाला बारीक बारीक खडे होते. दोनदा कळ येऊन गेली होती, सर्जननी ‘काढून टाका’ म्हणून सांगितलं होतं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की पित्ताची पिशवी काढली की जन्मभर जुलाब आणि मळमळ. बसला घरी. एक खडा घसरून पित्ताच्या नळीत गेला, स्वादुपिंडाला सूज आली आणि आयसीयूत मुक्काम पडला. नाकात नळी, तोंडाने पाणीसुद्धा बंद. मळमळ परवडली असती हो.

आणि एक लक्षात घ्या, बारीक खडा जास्त वाईट. मोठा पिशवीतच बसून राहतो, बारीक नळीत उतरतो.

कोथरूडची_सून

ऑपरेशन करू नका असं मी कुठे म्हटलं? तुमच्या भावाला ‘जन्मभर जुलाब’ असं सांगणारा कोण होता? शेजारी. डॉक्टरांनीच आधी नीट सांगितलं असतं, तर शेजाऱ्याचं ऐकायची वेळ आली नसती.

सदाशिवपेठी

सांगतात हो. कन्सेंट फॉर्मवर सगळं छापलेलं असतं. त्यावर सकाळी सहाला पेशंटचे चिरंजीव मोबाईलवर बोलत बोलत सही करतात. चिरंजीव एमबीए, म्हणजे इंग्रजी येत नाही असंही म्हणता येत नाही. ओपीडीत बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना सर्जनने प्रत्येकाला पचनसंस्थेवर व्याख्यान द्यावं ही अपेक्षा असेल, तर वसंत व्याख्यानमालेत त्यांचं एक पुष्प ठेवा.

निवृत्त_भूलतज्ज्ञ

सदाशिवपेठी, फॉर्म माहिती देण्यासाठी असतो, कोर्टात दाखवण्यापुरता नाही. पण धागा काढणाऱ्या ताईंचंही अर्धंच बरोबर आहे. ‘मळमळ’ हा एक आजार नव्हे. ती कधी सुरू झाली ते बघितल्याशिवाय त्यावर मत देता येत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांतली मळमळ बहुतेक वेळा आमच्या खात्यातली, म्हणजे भुलेची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवल्याशिवाय दुर्बिणीला जागा मिळत नाही. त्यातला थोडा आत राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला चिडवतो, म्हणून पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंट खांदा दुखतो म्हणून रडतात. उलटी कुणाला होईल याचा अंदाज चार प्रश्नांवरून येतो: स्त्री आहे का, सिगरेट ओढत नाही का, प्रवासात किंवा आधीच्या भुलेनंतर उलटी झाली आहे का, आणि नंतर अफूच्या वर्गातली वेदनाशामकं लागणार आहेत का. चारही उत्तरं ‘हो’ आली तर उलटी-मळमळीची शक्यता ८० टक्क्यांच्या घरात, एकही नसेल तर १० च्या आसपास. (हो, सिगरेट ओढणाऱ्यांना कमी होते. म्हणून सुरू करू नका.) मी बायकांना विचारायचे, ‘वरंध घाटात एसटीत पिशवी लागते का?’ हसून ‘हो’ म्हणाल्या की भुलेची आखणीच बदलायची आणि उलटीची दोन वेगवेगळी औषधं आधीच द्यायची.

त्यानंतरही मळमळ चालू असेल तर आधी गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडा. ट्रॅमाडॉल (तेही अफूच्या वर्गातलंच वेदनाशामक) असेल तर निम्मा संशय तिथेच. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर तोंडाला धातूची चव आणि मळमळ ठरलेलीच. मधुमेहाची मेटफॉर्मिन, वजन उतरवायची नवी इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, यांतलं काहीही कारण असू शकतं. ही इंजेक्शनं तर गंमतच आहेत. त्यांनी मळमळ होते आणि वजन भराभर उतरलं की खडेही होतात. अर्थात डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनाने काही बंद करू नका.

पित्ताचा नंबर यानंतर. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त करतं. पिशवीत मावायचं जेमतेम ३० ते ५० मिली, पण ते आटवून घट्ट केलेलं, आणि तेलकट जेवण आतड्यात उतरलं की एकदम सोडलं जाणारं. पिशवी गेली की तेच पित्त पातळ धारेने सतत येत राहतं. बहुतेकांना काही कळतही नाही. काहींच्या बाबतीत ते उलटं जठरात चढतं, मग कडू पाणी आणि सकाळची मळमळ. काहींच्या मोठ्या आतड्यात जास्त उतरतं, मग जेवण झालं की धावपळ.

तूपबंद

म्हणूनच मी म्हणते, पथ्य आणि फक्त पथ्य. माझं पित्ताशय काढून बरीच वर्षं झाली. तूप, लोणी, अंड्याचा बलक, तळण सगळं बंद. गणपतीतला उकडीचा मोदकसुद्धा कोरडा खाते. एक दिवस त्रास नाही. डॉक्टर ‘सगळं खा’ म्हणतात, कारण त्यांना काय, आपल्यालाच भोगायचं असतं.

औंधची_आहारतज्ज्ञ

ताई, त्रास नाही हे चांगलंच. पण तो तुपामुळेच झाला असता हे कसं ठरवलंत? उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की पित्ताशय काढल्यानंतर, आधी ज्या पदार्थांनी त्रास व्हायचा तेही टाळायची गरज पडू नये. आयुष्यभर तूप बंद ठेवायला आधार नाही.

मी पेशंटना सांगते, पहिले काही आठवडे एका वेळी पोट गच्च भरेल असं खाऊ नका. तीन ताटं जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं. मऊभात-मेटकूट, मुगाचं वरण, दुधीची भाजी, ज्वारीची भाकरी, गोड ताक. भातावर चमचाभर तूप बहुतेकांना चालतं. अडचण त्या चमच्याची नसते. लग्नाच्या पंगतीत पुरी, भजी, पनीर आणि वर रबडी अशी एका बैठकीत चाळीस-पन्नास ग्रॅम चरबी पोटात जाते, तिची असते. मग एकेक पदार्थ परत आणायचा. ज्याने त्रास होईल तो थोडे दिवस थांबवायचा, यादीतून कायमचा कापायचा नाही. वृद्ध बायका सगळंच सोडतात आणि चार-पाच किलो वजन गमावून माझ्याकडे येतात. ते जास्त काळजीचं.

तूपबंद

ब्रिटनमध्ये मोदक कुठे करतात?

औंधची_आहारतज्ज्ञ

आतडी तिकडची आणि इकडची सारखीच असतात. मोदकावर तूप घ्या, थोडं.

निसर्गाकडे_चला

मुळात पिशवी काढायचीच कशाला? सफरचंदाचा रस चार-पाच दिवस, शेवटच्या रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबू. सकाळी हिरवे खडे पडतात. माझ्या ओळखीच्या एकांनी बाटलीत ठेवलेत, हवं तर फोटो टाकतो.

निवृत्त_भूलतज्ज्ञ

फोटो नको. ते खडे नाहीत, तेलाचा पोटात बनलेला साबण आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा एका बाईच्या गोळ्यांची तपासणी छापून आली होती. ४० अंशांना वितळल्या आणि त्यात कोलेस्टेरॉल, कॅल्शियम काहीच सापडलं नाही. खरे खडे सोनोग्राफीत जागच्या जागी होते, ते शेवटी ऑपरेशन करूनच काढावे लागले.

वारजे_नाका

सगळे ऑपरेशननंतरचं बोलताय. मला वाटतं घोळ आधीच होतो. आजकाल ऑफिसमधून फुल बॉडी चेकअपचं पॅकेज मिळतं, त्यात सोनोग्राफी. खडा दिसला की घरात पळापळ. माणसाला कळ कधीच आलेली नसते, असते ती अॅसिडिटी: करपट ढेकर, छातीत जळजळ, सकाळची मळमळ. ‘तरी म्हटलं हा त्रास कशाने!’ म्हणून खड्यावर खापर फुटतं, पिशवी निघते आणि मळमळ जिथल्या तिथे. मग नाव ऑपरेशनचं खराब.

ज्या खड्यांनी कधीच त्रास दिला नाही, त्यांतले बहुतेक पुढेही देत नाहीत. वर ज्या मार्गदर्शिकेचा उल्लेख आलाय, तीच सांगते की पित्ताशय आणि नळ्या बाकी ठीक असतील, तर अशा खड्यांना उपचाराची गरज नाही. काही अपवाद आहेत: पिशवीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं, मोठा पॉलिप (भिंतीवर आतून वाढलेली गाठ), फार मोठा खडा. ते सर्जन बघतील. पण खरी खड्याची कळ वेगळी ओळखू येते. जेवणानंतर किंवा रात्री उठते, बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी, अर्धा तास ते काही तास टिकते, आणि अँटासिड घेऊन हलत नाही. मळमळ सोबत असू शकते, पण नुसती मळमळ म्हणजे खडा नव्हे.

तेव्हा कोथरूडच्या ताई, सासूबाईंना मळमळ ऑपरेशनच्या आधी होती का?

कोथरूडची_सून

विचारलं. होती म्हणाल्या, पण कळेपुढे तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सकाळी चहाआधी उमासे यायचे, म्हणून आल्याचा तुकडा चघळायच्या. आणि पाकिटांत ट्रॅमाडॉल निघालं, ‘दुखलं तर घ्या’ असं लिहिलेलं. दुखत नसतानाही त्या नेमाने घेत होत्या, कारण ‘कोर्स पूर्ण करायचा असतो’. फोन करून विचारलं, बंद करा म्हणाले.

म्हणजे माझा मुद्दा उलट पक्काच झाला. हे दोन्ही प्रश्न इथे तुम्ही विचारलेत, तिथे कुणी विचारले नाहीत.

हडपसरवाला

घरच्यांनी तरी विचारले होते का? सासूबाई रोज सकाळी आलं चघळतात, हे घरात कुणाला दिसलं नाही आणि सर्जनला ओपीडीत दिसावं? जबाबदारी दोन्हीकडे आहे, एवढंच म्हणतो. आणि तक्रार कसली? एकेकाळी याच ऑपरेशनला बरगडीखाली वीतभर चिरा द्यायचे आणि आठवडाभर कॉटवर. आपल्याकडे दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. तेहमटन उदवाडियांनी. आता दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

कोथरूडची_सून

दुसऱ्या दिवशी घरी सोडतात म्हणूनच जास्त सांगायला हवं ना! आठवडाभर कॉटवर असताना नर्स बघायच्या. आता बघायचं मी.

निवृत्त_भूलतज्ज्ञ

हा मुद्दा मला मान्य. मग ‘होतं असं’मध्ये काय बसत नाही तेही लिहून ठेवा. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, कोऱ्या चहासारखी लघवी, पांढुरकी शौच, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, पोट फुगून घट्ट होणं, किंवा पाणीसुद्धा न टिकणं. यातलं एकही असलं तर फोन नाही, थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. नळीत राहून गेलेला खडा असू शकतो किंवा आत पित्त झिरपत असू शकतं. खडा बहुतेक वेळा तोंडावाटे एंडोस्कोपी करून काढता येतो, पण वेळ घालवायचा नाही. आणि यातलं काहीच नसूनही मळमळ रेंगाळली, तर सर्जनकडेच फेऱ्या मारण्यापेक्षा पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.

सिंहगडरोड_७८६

माझी केस जुलाबाची आहे. जेवलो की दहा मिनिटांत पळायचं, ऑफिसात लाज वाटते. इसबगोलने थोडा फरक पडला. आता डॉक्टरांनी कोलेस्टायरामिनची पूड लिहून दिलीय. थायरॉईडची गोळी चालू आहे, दोन्ही एकत्र घेतलं तर चालेल का?

निवृत्त_भूलतज्ज्ञ

एकत्र नको. ती पूड पित्ताला धरते तशी इतर औषधांनाही धरून ठेवते. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, आणि तिच्यानंतर निदान चार तासांनी पूड. बाकीच्या गोळ्या पुडीच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. ज्यांनी पूड लिहून दिली त्यांना थायरॉईडबद्दल सांगितलंय का? नसेल तर आज सांगा, आणि पुढच्या वेळी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या.