डाव्या हाताची तीस वर्षं

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरबद्दल 'उजवा हात गेला आणि तो संपला, पुढे उरली ती शिकवणी' असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटतं. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा आणि त्याचा संचालक जॉर्ज सेल यांच्याबरोबरचे बीथोवनचे पाचही पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) आधी झाले होते, आणि १९६४च्या सुमारास उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं, हे खरं. पण मग त्याने फ्रेंच संगीतकार रावेलचा फक्त डाव्या हाताने वाजवायचा कॉन्चेर्टो जगभर वाजवला.

हा कॉन्चेर्टो पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनश्टाइन या पियानोवादकाने लिहवून घेतला होता, हे बहुतेकांना ठाऊक असतं. याच गृहस्थाने १९२३मध्ये जर्मन संगीतकार हिंडेमिथकडूनही डाव्या हाताची एक रचना करून घेतली. पैसे मोजले, पण ती पसंत पडली नाही म्हणून वाजवली नाही, आणि दुसऱ्या कुणाला वाजवूही दिली नाही! (श्रीमंती हट्ट, दुसरं काय.) त्याच्या विधवेच्या पश्चात ती कागदपत्रांत सापडली. २००४च्या डिसेंबरात बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर सायमन रॅटलच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजली, तेव्हा पियानोवर होता शहात्तर वर्षांचा फ्लायशर. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी उजवा हात बराचसा परत आल्यावरही तो डाव्या हाताची रचना वाजवत होता!