रॅगिंगची तक्रार माझ्यावर झालीय, काय करू?

सेकंड इयरला आहे, मुंबईत हॉस्टेलवर. एका ज्युनिअरला सगळ्यांसमोर नाचायला लावलं, मस्करीत हो, त्याने लेखी तक्रार केली आणि आता कमिटीने बोलावलंय, घरी सांगितलं नाहीये, त्याला भेटून समजावू का?

दादरकर: अजिबात नको! मेसेजपण नको, दबाव टाकला म्हणतील. चॅट डिलीट करू नकोस.

वकीलताई: महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, ७ दिवसांत चौकशी, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर सस्पेंड आणि तक्रार पोलिसांकडे, दोषी ठरलास तर २ वर्षांपर्यंत कैद. लेखी उत्तर दे, पोच घे.

चहाटपरी: आईबाबांना आजच सांग रे. आणि उत्तरात 'मस्करी' लिहू नको, त्याला तसं वाटलं असतं तर तक्रार कशाला आली असती?

मूळ धागाकर्ता: हम्म. रडला होता तो त्या रात्री.