२० फुटी फायबर होडीला ९.९ एचपीचं इंजिन की १५ चं?

खाडीकाठ: होडी फायबरची, २० फूट, पाण्यावरची लांबी १८. तळ गोल, मूळची वल्हवायची. दोन माणसं, जाळी, बर्फ आणि मासळी धरून ४०० किलोपर्यंत भार. दाभोळच्या खाडीतून बाहेर तीन-चार मैल जायचं आहे. ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची फळी) मधोमध १९ इंच उंच. १५ एचपी टू-स्ट्रोक घ्यावं की ९.९ फोर-स्ट्रोक?

वल्हेकरी: ९.९ घ्या. गोल तळाच्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो: पाण्यावरच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.३४. तुमचे येतात ५.७ नॉट (ताशी सागरी मैल). त्यापुढे रेस दिली की नाळ वर जाते, मागची बाजू बसते, आणि पेट्रोल नुसतं लाट उठवण्यात जातं. फुल रेसवर ९.९ फोर-स्ट्रोक तासाला चारेक लिटर पितं, १५ टू-स्ट्रोक सहाच्या वर. जास्त गिअर रिडक्शनचं (पंखा इंजिनापेक्षा बराच हळू फिरवणारं), मोठ्या पंख्याचं म्हणजे प्रोपेलरचं मॉडेल मिळालं तर तेच बघा. भरल्या होडीला वेगापेक्षा रेटा हवा.

पंखा१०: एचपीइतकीच शाफ्टची, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची लांबी महत्त्वाची. १९ इंचाला २० इंची लाँग शाफ्टच लागेल. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या इंचभर खाली हवी. १५ इंची शॉर्ट लावलंत तर प्लेट तळाच्या वर राहील. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची लाट उठली की पंखा हवा ओढेल, इंजिन किंचाळेल आणि होडी नेमकी नको तिथे रेंगाळेल.

पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जितकं पुढे कापतो ते अंतर) भार भरूनच तपासा. मॅन्युअलमध्ये ५०००-६००० आरपीएम दिलंय आणि फुल रेसला ४५०० च येतायत, तर पिच जास्त आहे. एक इंच कमी केल्यावर साधारण २०० आरपीएम वाढतात.

वल्हेकरी: टू-स्ट्रोकच घेणार असाल तर ५०:१ चं मिश्रण म्हणजे लिटरला २० मिली तेल, तेही टीसी-डब्ल्यू३, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं. स्कूटरचं नको, प्लगवर राख धरते. कुठलंही घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवाच. इथेनॉलचं पेट्रोल ओल ओढतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. १ जूनला मासेमारीबंदी लागण्याआधी गोड्या पाण्यावर इंजिन चालवा, पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. पाण्याशिवाय कोरडं मात्र क्षणभरही सुरू करू नका, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर (आतलं फिरतं चक्र) जळतं.

खाडीकाठ: ट्रान्सम ठोकून पाहिला. डाव्या कोपऱ्यात आवाज बसका येतोय.

पंखा१०: मग इंजिन आत्ता टांगू नका दादा. आतल्या बाजूने तिथे ६ मिमीचं भोक पाडा. भुसा कोरडा, फिकट आला तर ठीक. काळा, ओला आला तर आतलं प्लाय कुजलंय. तेवढं कापून मरीन प्लाय आणि इपॉक्सीने भरा. नंतर नुसत्या क्लॅम्पवर विसंबू नका. आरपार स्टेनलेस बोल्ट, मोठे वॉशर, आणि प्रत्येक भोकात सीलंट. ते राहिलं की पाणी पुन्हा तिथूनच आत शिरतं.