खान्देशात गाडीने निवांत फिरायचंय, अजिंठा सोडून. कुठून कसं जावं?

पुण्याची_खान्देशीण
नमस्कार मंडळी. नोव्हेंबर संपता संपता किंवा डिसेंबरात पाच-सहा दिवस काढून स्वतःच्या गाडीने खान्देशात फिरायचा विचार आहे. आम्ही दोघं, मुलगी दहा वर्षांची आणि सोबत बाबा-आई. बाबांची नोकरी त्या भागात झाली पण तेव्हा घर आणि ऑफिस यापलीकडे फारसं काही बघणं झालं नाही, आता ते म्हणतात की एकदा सगळं नीट बघू, पण धावपळ नको. अजिंठा आमचा बघून झालाय, शिर्डी-शनि पण नको. जुने किल्ले, देवळं, नदी, शेतं असं बघत, मनात येईल तिथे गाडी थांबवत जायचंय. बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे शे-दोनशे पायऱ्या असलेलं ठिकाण असेल तर आधीच सांगा. नेटवर शोधलं तर सगळीकडे तीच यादी फिरतेय आणि त्यात कुठलं ठिकाण कुठल्या रस्त्यावर ते कळतच नाही. त्या भागातल्या माणसांनी सांगितलं तर बरं.

गिरणाकाठ
ताई, पुण्याहून येताय तर सरळ येवला-नांदगाव करत चाळीसगावला या आणि पहिला मुक्काम इथेच करा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पाटणादेवी. चाळीसगावहून १८ किलोमीटर, शेवटचा टप्पा गौताळा अभयारण्यातून जातो, तिथे काचा खाली करून २०-३० च्या वर जाऊच नका.

चंडिकेचं देऊळ हेमाडपंती आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि समोर नदी. बहुतेक लोक नवरात्रात गर्दीत येतात, दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि परत जातात, आणि इथला जो खरा ठेवा आहे तो कुणाला माहीतच नसतो. पाटण्याला शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात असं आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्या मठाला जमीन, उत्पन्न लावून दिलं. लेखाचा काही भाग चक्क त्या काळच्या मराठीत आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या जंगलाच्या तोंडाशी मुलं बसून लीलावतीतली गणितं सोडवत होती! तुमची मुलगी दहा वर्षांची आहे ना, तिला हे तिथे उभं राहून सांगा, घरी सांगू नका.

बाबांना देवळापर्यंत काही त्रास नाही. केदारकुंड, धवलतीर्थ हे धबधबे पावसाळ्यातले, डिसेंबरात नसले तरी चालतील. पितळखोरा मात्र विचार करून ठरवा, त्या लेण्या कन्नडच्या बाजूने गाडीने गाठता येतात पण पुढे दरीत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्याच पुन्हा चढाव्या लागतात. बाबा वर थांबणार असतील तरच जा. इसवी सनापूर्वीच्या लेण्या आहेत, दगडी हत्तींची रांग बघण्यासारखी आहे. इथे सापडलेला एक यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर कारागिराचं नाव कोरलंय, कृष्णदास नावाचा सोनार.

आणि हो, परत गावात आलात की स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर बघा. मोठे फोटोग्राफर होते, १९८९ ला गेले, आयुष्याची कित्येक वर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी तिथे आहे. वेळ आधी विचारून जा.

तापीकाठ
मी चोपड्याचा. माझं म्हणणं एकच आहे, खान्देश बघायचा तर हायवे सोडा. सुरत-नागपूर हायवे हा ट्रकवाल्यांसाठी आहे, त्याच्यावरून धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव-भुसावळ झालं की माणूस म्हणतो काय आहे इथे, नुसतं ऊन आणि धाबे. भो, खान्देश आहे तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याने. शहाद्याकडून शिरपूर-चोपडा-यावल-फैजपूर-सावदा-रावेर करत बुऱ्हाणपूरला जो अंकलेश्वरचा रस्ता जातो ना, तो धरा. डाव्या हाताला सगळा वेळ सातपुडा तुमच्या सोबत चालतो, उजव्या हाताला तापीचं काळं रान. चोपड्यापर्यंत कापूस आणि पुढे यावलपासून केळीच केळी.

धुळ्याहून आग्रा रोडने निघालात की आधी सोनगीर लागतं, रस्त्याला लागूनच किल्ला आहे आणि गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, आईंना तिथे थांबावंसं वाटणारच. मग शिरपूर आणि तिथून थाळनेर. थाळनेरला जाच. आज साधं गाव आहे तापीकाठी, पण मुघलांच्या आधी खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी हीच, बुऱ्हाणपूर वसलं ते नंतर. फारुकींच्या कबरी आहेत, त्यातल्या एकीच्या दगडी भिंतीवरचं कोरीवकाम तासभर बघत बसावं असं आहे, आणि आजूबाजूला कुणी नसतं, शेळ्या चरत असतात फक्त. किल्ल्याचं आता नदीकडे थोडंफार बांधकाम शिल्लक आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज जनरल हिस्लॉपने हा किल्ला घेतला तेव्हा आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. होळकरांचा किल्ला होता. मराठेशाहीच्या शेवटाबद्दल आपण खडकी आणि कोरेगाव वाचतो, थाळनेरचं नाव पुस्तकात एका ओळीत येतं, मला याचं फार वाईट वाटतं. लता मंगेशकरांचं आजोळ पण थाळनेरच, हे आईंना सांगा.

पुढे चोपडा मुक्काम. दुसऱ्या दिवशी अडावदजवळ उनपदेव, दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार बारमाही पडते, बाबांना गुडघे शेकायला बसवा खुशाल. मग यावलकडे मनुदेवी, डोंगराच्या कुशीत आहे, आमच्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी. वेळ असला तर रावेर तालुक्यातलं पाल, थंड हवेचं ठिकाण, वनविभागाचं विश्रामगृह आहे पण बुकिंग आधी करावं लागतं.

फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यात कुठेही केळीच्या बागेशी थांबा आणि शेतकऱ्याला विचारून आत जा. कुणी नाही म्हणत नाही. आत गेलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं, पानांतून हिरवा उजेड खाली येतो, पायाखाली ओली माती, ठिबकच्या नळ्या, घडांना पातळ पिशव्या घातलेल्या असतात त्याला स्कर्टिंग बॅग म्हणतात, म्हणजे फळावर डाग पडत नाही. बाग निसवली असेल तर लालसर कमळ, म्हणजे केळफूल, खाली लोंबताना दिसेल. कापणी चालू असेल तर मजूर घड खांद्यावर घेऊन कसे पळत येतात ते मुलीला दाखवा, एकही केळ दबलं तर व्यापारी भाव पाडतो म्हणून तो घड तान्ह्या बाळासारखा आणतात.

धुळेकर_जिभाऊ
तापीकाठ भाऊंचं बाकी सगळं मान्य, पण धुळ्याला त्यांनी नुसतं निघायचं ठिकाण करून टाकलं ते नाही पटत. चाळीसगावहून धुळे तासा-दीड तासात येतं, एक रात्र राहाच. राजवाडे संशोधन मंडळात जा, इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायी फिरून जमवलेली दप्तरं इथे आहेत, ते गेलेही धुळ्यातच, १९२६ ला. आणि समर्थ वाग्देवता मंदिर, शंकरराव देवांनी रामदासी बाडं एकेक करून गोळा केली ती तिथे जपून ठेवलीत. ज्या बाबांना इतिहासाची आवड आहे त्यांची अर्धी सकाळ सहज जाईल आणि गुडघ्यालाही काम नाही.

लळिंगचा किल्ला मुंबई-आग्रा रोडवर मालेगावच्या बाजूला, धुळ्याहून दहा किलोमीटरच्या आत. चढ आहे, बाबांनी खालीच थांबावं. पण लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे, बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली तिथे मुक्कामाला होते, दरवर्षी ३१ जुलैला मोठी गर्दी होते. ती जागा सगळ्यांना बघता येईल.

आता एक कळकळीचं सांगणं. पाच दिवसांत तोरणमाळ, नंदुरबार, साक्रीकडचं भामेर, बळसाणे हे सगळं कोंबू नका. तोरणमाळ म्हणजे सातपुड्यातला साडेतीन हजार फुटांच्या वरचा डोंगर, यशवंत तलाव, सीताखाई, पावरा-भिल्लांची गावं, त्याला स्वतंत्र तीन दिवस द्या. पुन्हा या, आमनं घर शेच ना (आमचं घर आहेच ना). त्या वेळी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी बघा, हिवाळ्यात मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असते, जमीन दिसत नाही आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी घशाला ठसका लागतो.

पुण्याची_खान्देशीण
अरे बापरे, किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, बाबांना वाचून दाखवलं तर ते थाळनेरलाच अडकलेत, आजच नकाशा काढून बसलेत. दोन-तीन शंका. बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात, ते खान्देशच्या ट्रिपमध्ये धरायचं का? त्या सातपुड्याच्या रस्त्याने अंधार पडल्यावर गाडी चालवणं ठीक आहे का? आणि खाण्याचं काय, आईला फार तिखट चालत नाही.

असीर_ते_अजिंठा
बुऱ्हाणपूर धरायचंच. राज्याची हद्द ही खूप नंतरची गोष्ट आहे, फारुकींचा आणि मुघलांचा खान्देश सुभा तिथूनच चालला. अकबराने १६०१ ला असीरगड घेतला आणि खान्देश मुघलांकडे गेला.

तिथे दोन रात्री तरी राहा. शाही किल्ला तापीच्या काठावर आहे, आतल्या हमामखान्याच्या छतावरचे रंग अजून टिकलेत, मान वर करून बघत राहा. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारली, आणि आग्र्याला नेण्याआधी तिला नदीपलीकडे आहूखान्यात दफन केलं होतं. जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, तो दाखवा म्हटलं की तिथली माणसं हौसेने दाखवतात.

पण मला विचाराल तर बुऱ्हाणपूरची सगळ्यात मोठी गोष्ट कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमाराला अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात बांधलं, हो तेच दोहेवाले रहीम. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहरात आणलंय, वर ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, शंभराहून जास्त, हवा खेळायला आणि गाळ काढायला. पंप नाही, मोटार नाही, नुसत्या उतारावर पाणी चालतं. एका कुंडीतून लिफ्टने खाली सोडतात, ती चालू आहे का ते सकाळीच विचारून घ्या. खाली पाण्यात उभं राहिलं की भिंतींवर चुन्याचा पांढरा थर हाताला लागतो आणि वर रुपयाएवढं आभाळ दिसतं. आणि मावा जलेबी खाल्ल्याशिवाय निघू नका.

मेहरूणची_बोरं
ताई, रात्रीच्या ड्रायव्हिंगचं सांगते कारण आमचं त्या रस्त्याने नेहमी येणंजाणं असतं. हंगामात कापसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, मागे लाल दिवा नसतो, समोरून केळीचे ट्रक. सहाच्या आत मुक्कामाला पोचायचं असंच ठरवून निघा. सकाळी सहाला निघालात तर तोच रस्ता इतका सुंदर असतो, शेतांवर धुकं, आणि नऊपर्यंत अर्धं अंतर कापून होतं.

खाण्याचं म्हणाल तर तुम्ही अगदी बरोबर महिना निवडलाय, भरीताचा सीझन. आमच्याकडची वांगी मोठी, फिकट हिरवी, कापसाच्या वाळलेल्या काट्यांवर भाजतात, गॅसवर भाजलेल्याला ती चव येत नाही. साल काढून लाकडी बडगीत मुसळीने ठेचतात, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी किंवा पुरी. मिरची वेगळी ठेचून घालतात त्यामुळे आईंसाठी आधीच बाजूला काढायला सांगता येतं. शेवभाजी मात्र त्यांना झेपायची नाही, त्या रश्शात तडजोड होत नाही. त्यांच्यासाठी वरण-बट्टी सांगा, वर भरपूर तूप.

येताना बुऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरमार्गे या. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे आणि काठावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ, संध्याकाळी चारच्या सुमाराला तिथे बसायला खूप छान. जवळच मुक्ताईचं देऊळ. मग जळगाव, आणि बाजूला आसोदा, बहिणाबाईंचं माहेर. दुसऱ्या दिवशी एरंडोलहून आत पद्मालय, एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती आणि समोर कमळांचं तळं. शेवटी पारोळ्याचा भुईकोट, १७२७ चा, सपाटीवर आहे म्हणून बाबांना आतपर्यंत फिरता येईल, झाशीच्या राणीच्या माहेरचे तांबे पारोळ्याचेच. किल्ल्याची अवस्था बघून जीव तुटतो, झुडपं माजलीत आणि खंदकात कचरा. तरी जा, बघणारी माणसं येत राहिली तर कुणीतरी लक्ष देईल.

पुण्याची_खान्देशीण
ठरलं मग. चाळीसगाव, धुळे, चोपडा, बुऱ्हाणपूरला दोन रात्री, जळगाव, आणि पारोळ्यावरून घरी. नवरा एक दिवस जास्त सुट्टी टाकतोय. पितळखोरा आणि तोरणमाळ पुढच्या वेळी. @मेहरूणची_बोरं ताई, ते काट्यांवरचं भरीत हॉटेलात मिळतं का शेतावरच जावं लागतं?

मेहरूणची_बोरं
जळगावात तयार भरीत विकणारी दुकानं आहेत, किलोवर मिळतं, पण तुम्ही सातपुड्याच्या रस्त्याने येताय तर यावलच्या पुढे बामणोदला थांबून विचारा, तिथल्या वांग्यांचं नाव आहे. काट्यांवर ताजं भाजून देणारं कुणीतरी गावात सापडेल, फक्त दुपारी बाराच्या आत पोचा आणि माणसं किती ते आधी सांगा, वांगी तेवढीच भाजतात.

तापीकाठ
आणि दत्तजयंतीच्या आसपास येत असाल तर तारीख बघून घ्या, सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा. शिरपूरहून पश्चिमेला शहाद्याच्या रस्त्याने जावं लागतं, अर्धा दिवस वाढेल, पण मुलीला दाखवा. यात्रेत गाडी गावाबाहेरच लावावी लागते, बाबांसाठी रिक्षा करा.